बाईचा वास

चाळीस काड्या होत्या, चाळीस दोरे होते, चाळीस माद्या होत्या. नर दोन.

तनुश्री मारबतेने पुन्हा पहिल्या झाडापासून सुरुवात केली. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, आडव्या फांद्यांना काड्या टांगलेल्या, प्रत्येक काडीला एक कोशाचं, टसर रेशमाचं पाखरू, पंखाच्या मुळाशी दोऱ्याने बांधलेलं. तळहाताएवढ्या पिवळट माद्या पंख मिटून अगदी स्थिर बसल्या होत्या. जंगलातले नर रात्रीतून उडत येतात आणि उजाडेपर्यंत मादीला चिकटून राहतात, म्हणून मोजणी पहाटेची. अकराव्या आणि एकोणतिसाव्या काडीवर जोड्या होत्या. बाकी अडतीस माद्यांकडे कोणी फिरकलं नव्हतं.

तिने बाबांच्या वहीत लिहिलं, 'सहा सप्टेंबर, पाच वाजून चाळीस मिनिटं. चाळीसपैकी दोन.' वरच्या ओळी बाबांच्या आणि मोठेबाबांच्या अक्षरातल्या होत्या. बाबा होते त्या शेवटच्या वर्षी चाळीसपैकी चौतीस. मागच्या वर्षी अकरा.

"कोण आहे तिथं?"

केवळराम मारबते, तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. हंगाम सुरू झाल्यापासून डोक्याला तेल नाही, दाढीला वस्तारा नाही, अंगाला साबण नाही. वाढलेल्या दाढीतही त्यांची झुपकेदार मिशी वेगळी ओळखू येत होती.

"मी आहे, मोठेबाबा."

"तू? रानात?"

"चपला बाहेर काढल्या मी."

"चपला काढून काय होते वं? बाई तं आतच आली नं!"

"पाखरं काही बोलली नाही मले."

केवळराम हसले नाहीत. खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्यांनी तोंड पुसलं आणि मोकळ्या काड्यांवरून नजर फिरवली. चाळीसही माद्या त्यांनीच बांधल्या होत्या. भाऊ गेल्यावर भावजयीच्या रानाचं काम ते स्वतःचं रान सांभाळून करत आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नसत.

"पोरी, मी तुह्या मायवर राग नाही धरत," ते म्हणाले. "पण रान बाईच्या नावानं झालं अन् नर आटले. अन् एका रानाचा विटाळ साऱ्या जंगलाले लागते. बाईचा वास लागला की नर येत नाही, हे बुढे सांगून गेले. रविवारी कोसेवाल्यांच्या सोसायटीची सभा आहे. हे रान देवानंदच्या नावानं करून टाकू. पुष्पकलेले मी काही उपाशी नाही ठेवत."

देवानंद म्हणजे त्यांचा मुलगा. त्याला रान नको होतं. त्याला गडचिरोलीत गाड्यांचं दुकान टाकायचं होतं. पण तो पुरुष होता आणि सोसायटीच्या नियमाला तेवढं पुरेसं होतं.

"अन् बाईचा वास नसंन तर?" तनुश्रीने विचारलं.

"तं कशाचा आहे, तू सांग."

तनुश्रीने वही मिटली. रविवारला सहा दिवस होते.

त्या रानात येनाची तीनशे बारा झाडं होती. बाबांनी लावली, पण कमरेएवढी होईपर्यंत पाणी आईने घातलं होतं. नाल्यातून पाण्याचे दोन-दोन गुंड, म्हणजे हंडे, आणून, तीन उन्हाळे. मग झाडं मोठी झाली, त्यांच्यावर कोशाच्या अळ्या सोडल्या आणि त्या दिवसापासून ते 'कोशाचं रान' झालं. त्यानंतर तिची आई पुष्पकलाबाई कधी त्या कुंपणाच्या आत गेली नाही. रान नावावर झालं तेव्हाही ती तलाठ्याकडे गेली, सही केली आणि परत येताना झाडं कुंपणाबाहेरून बघून आली.

*

तनुश्री नागपूरच्या प्रयोगशाळेतून महिन्याच्या रजेवर आली होती आणि येताना एक पेटी घेऊन आली होती. पेटीचं कागदोपत्री नाव 'शृंगिकाधारित गंधमापक'. प्रयोगशाळेतली सगळी माणसं तिला मिशीपेटी म्हणत, कारण आत खरोखर मिशा होत्या.

कोशाच्या मादीला मिशा असतात त्या बारीक, नावापुरत्या. नराच्या मात्र नेच्याच्या पानासारख्या, दोन्ही बाजूंना फुटलेल्या. त्या मिशीच्या प्रत्येक फांदीवर केस असतात, एकेका मिशीवर हजारो, आणि प्रत्येक केसाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. मादी जागची हलत नाही. अंधार पडला की पोटाच्या टोकाची ग्रंथी उघडते आणि वास सोडते. इतका थोडा, की जगातल्या कुठल्याही माणसाच्या नाकाला तो येणार नाही. वाऱ्यावर आलेला त्यातला एखादा कण केसाच्या छिद्रातून आत शिरतो. आतल्या द्रवात एक प्रथिन त्याला उचलून मज्जातंतूच्या दाराशी नेतं, तंतू पेटतो आणि लगेच दुसरं प्रथिन त्या कणाचे तुकडे करून टाकतं, म्हणजे पुढच्या कणासाठी दार मोकळं. कण, पेटणं, साफसफाई. हे सारं पापणी लवायच्या आत होतं आणि त्यावर भरवसा ठेवून नर मैलामैलांवरून वाऱ्याच्या विरुद्ध उडत येतो.

मिशीच्या दोन टोकांना दोन तारा लावल्या की हे पेटणं विजेच्या रूपात मोजता येतं. ही युक्ती जुनीच होती. अडचण अशी होती, की तोडलेली मिशी दिवसभरात मरायची. तनुश्रीच्या प्रयोगशाळेने चार वर्षं खपून असा गर बनवला होता, ज्यात मिशी तीन आठवडे जिवंत राहत असे. पेटीत एका पट्टीवर आठ मिशा बसत. तनुश्रीजवळ दोन पट्ट्या होत्या.

"हात दे, माय," ती म्हणाली.

"कायले?" पुष्पकलाबाई चुलीपाशी होती.

"तुझा वास घ्यायचा आहे."

"सकाळपासून शेण उचलून रायली मी. पेटीच मरन तुझी."

पद्धत सोपी होती. आधी मिशीवर एखाद्या वस्तूवरची हवा फुंकायची, लगेच मागून कोशाच्या मादीचा वास फुंकायचा आणि मादीच्या वासाला मिशी किती जागी होते ते बघायचं. मध्ये काहीच नसताना आकडा यायचा दोन पूर्णांक चार मिलीव्होल्ट. आईच्या हातानंतर आला दोन पूर्णांक चार. हळदीनंतर दोन पूर्णांक तीन. जवसाच्या तेलानंतर एक पूर्णांक सात. तेलाची वाफ केसांवर बसत असावी. साबणानंतर दोन.

"नेम अगदीच खोटा नाही," तनुश्री स्वतःशीच म्हणाली.

हंगामात कोसेवाल्याने तेल लावायचं नाही, हळद खायची नाही, साबण लावायचा नाही, वेगळं निजायचं. कोणा पूर्वजाने हे नुसत्या डोळ्यांनी आणि धीराने शोधून काढलं होतं. फक्त यादी करताना त्याने शेवटी बाईला बसवलं होतं आणि ते कशावरून, हे विचारायला यादीजवळ कोणी बाई नव्हती.

"पण शेवटचं राहिलं," ती आईला म्हणाली. "ते चार दिवसांचं."

"बाप्पा! ते पण मोजशील?"

"त्याच्याचसाठी तं बायांना बाहेर ठेवलं. आज नाही तं शनिवारी. तारीख माझी शनिवारची आहे."

पुष्पकलाबाईने कपाळाला हात लावला आणि हात लावता लावता हसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी केवळराम आले. सोसायटीचा कागद होता. रविवारी गडबड नको म्हणून सही आधीच करून ठेवावी, असं त्यांचं म्हणणं. ते खाटेवर बसले, दुपट्टा काढून पायथ्याशी ठेवला आणि पाणी तेवढं घेतलं. नेमात दुसऱ्याच्या चुलीचा चहा चालत नाही.

"ही कोणती पेटी?"

"याच्यात नराच्या मिशा आहेत, मोठेबाबा."

"मिशा तोडून आणल्या?" त्यांनी नकळत स्वतःच्या मिशीवरून बोट फिरवलं. "नागपुरात हेच शिकवते का?"

तनुश्रीने दाखवायला म्हणून मादीचा वास फुंकला. पडद्यावरची रेघ हलली नाही. पुन्हा फुंकला. शून्य पूर्णांक एक. आठही मिशा मेल्या होत्या. तिचा चेहरा उतरला. तिने घाईने पट्टी काढून दुसरी बसवली, ताजी, अजून न वापरलेली. पाच मिनिटांत तीही गेली.

केवळराम उठले. "यंत्र पण थकलं, पोरी," ते न टोचता म्हणाले, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि कागद ठेवून निघाले.

तनुश्री डोकं धरून बसली. सोळा मिशा. चार दिवस राहिले होते आणि हातात काही नाही.

"मेल्या नसतीन," पुष्पकलाबाई म्हणाली.

"माय, तुले काय समजते त्याच्यातलं?"

"मिशीतलं नाही समजत. नाकातलं समजते. मी दोन हंगाम मिरच्यांच्या कांडपावर होती. पहिल्या दिवशी शिंकून जीव जाते. मंग वासच येत नाही. घरी आली तं भाजी करपली तरी कळत नव्हतं मले. नाक मेलं नव्हतं. भरलं होतं."

तनुश्रीने मान वर केली. मग तिने दर पाच मिनिटांनी मादीचा वास फुंकायला सुरुवात केली. शून्य पूर्णांक एक. शून्य पूर्णांक दोन. शून्य पूर्णांक सहा. चाळिसाव्या मिनिटाला दोन पूर्णांक दोन.

"माणूस गेला अन् मिशी उठली," पुष्पकलाबाई म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली.

*

खाटेच्या पायथ्याशी जिथे दुपट्टा होता, तिथली हवा अजूनही मिशी झोपवत होती. दुपट्टा केवळराम कुठे नेतात, हे साऱ्या गावाला माहीत होतं. सकाळी कोशाच्या रानात, दुपारी कापसात.

नदीपलीकडच्या कापसातली बोंडअळी गेल्याला आता बरीच वर्षं झाली होती. ती फवारणीने गेली नव्हती, भुलदोरीने गेली होती. वीतभर लांबीची लाल, मऊ दोरी; पऱ्हाटीच्या दर काही झाडांमागे एक बांधायची. दोरीतून बोंडअळीच्या मादीचा बनावट वास महिनोन्महिने झिरपत राहतो. साऱ्या शेतातच मादी असल्यासारखं होतं, नर भिरभिरतात, खरी मादी सापडत नाही, अंडी होत नाहीत. विष नाही, आजार नाही. फवारणीने माणसं दवाखान्यात जायची, ती जायची थांबली. भुलदोरीला कोणी नावं ठेवावीत असं काही नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी कंपनीने तिची नवी जात आणली, एकाच दोरीत नऊ किडींच्या माद्यांचे वास. दोऱ्या बांधायचं काम हजेरीला बरं होतं म्हणून ते पुरुषांनी घेतलं. बायांकडे निंदण आणि वेचणी राहिली.

तनुश्रीने कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन लावला. गोड आवाजात यंत्र बोललं.

"नमस्कार शेतकरी दादा. भुलदोरी मानवी आरोग्यास पूर्णपणे सुरक्षित आहे."

"मी दादा नाही. मले विचारायचं आहे, कोशाच्या पाखरावर तिची चाचणी झाली का?"

"कोशाचे पाखरू ही कीड आमच्या यादीत नाही. या किडीच्या नियंत्रणासाठी—"

"ती कीड नाही!" तिने फोन बंद केला.

तिने पलीकडच्या बांधावरून एक दोरी आणली, घराबाहेरच तिची चिमूटभर साल काढून डबीत घातली आणि पेटी लावली. मिशी एकदा जोरात पेटली, सहा पूर्णांक एक, एवढी ती खऱ्या मादीलाही कधी पेटली नव्हती. त्यानंतर पाऊण तास मादीचा वास तिच्यापर्यंत पोहोचला नाही. नऊ वासांतला कुठला तरी एक कोशाच्या मादीच्या वासाचा सख्खा भाऊ होता. कुलपात शिरणारी आणि न फिरणारी किल्ली.

मग तिने सोसायटीची नोंदवही मागून आणली. गावात तेवीस रानं. दोन हंगामांत बावीस रानांत नर आटले होते. एकाच रानात चाळीसपैकी अठरा नर आले होते. ते रान सोसायटीचे सचिव विलास दुमाने यांचं. तेही कापसात दोऱ्या बांधत. गावात बोललं जायचं, की विलासने कोणाकडून तरी काही करून घेतलं असावं.

तनुश्री वहीकडे बघत राहिली आणि एकाएकी तिला हसू फुटलं.

"काय झालं वं?" आईने विचारलं.

"माय, जो माणूस नेम पाळते त्याच्याकडे नर येत नाही. अन् चोरून आंघोळ करणाऱ्याकडे येते."

*

रविवारी सकाळी सोसायटीच्या गोदामासमोर सभा भरली. पुरुष सतरंजीवर, बाया भिंतीकडेला. केवळराम मध्ये. विलास दुमाने कागद वाचू लागले, तेवढ्यात तनुश्री पेटी घेऊन सतरंजीच्या मधोमध येऊन बसली.

"पोट्टे, तुझं बोलणं मागून," कोणीतरी ओरडलं.

"मागून बोलून रान परत नाही येत," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता, बाईच्या वासानं नर येत नाही. इथं नराच्या मिशा आहेत. त्यांनाच विचारू."

तिने रेघ सगळ्यांना दिसेल असा पडदा फिरवला आणि मादीचा वास फुंकला. रेघ उसळली. दोन पूर्णांक चार. लोक पुढे सरकले.

"आता बाईचा." तिने तळहात पेटीसमोर धरला. "अन् नुसती बाई नाही. मी विटाळशी आहे. आज माझा दुसरा दिवस."

भिंतीकडच्या एका म्हातारीने "अगं माय!" म्हणून पदर तोंडाला लावला. पुरुषांपैकी दोघे मागे सरकले, जणू पेटीच त्यांना शिवणार होती. तनुश्रीने हात काढला नाही. सावकाश दहापर्यंत मोजलं आणि मादीचा वास फुंकला.

दोन पूर्णांक चार.

"लाज आहे का नाही?" विलासजी म्हणाले.

"आहे नं. पण तिचा आकडा शून्य आला," तनुश्री म्हणाली. "आता मोठेबाबा, तुमचा हात."

केवळरामांनी इकडेतिकडे पाहिलं. सोसायटीत त्यांच्याइतका कडक नेम कोणाचाच नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी हात पुढे केला, मोठा, भेगाळलेला. दहा मोजले. वास फुंकला. रेघ जमिनीसारखी सपाट राहिली.



"या हाताले वास आहे," तनुश्री म्हणाली. "बाईचाच आहे. पण कापसातल्या बाईचा! भुलदोरीतल्या मादीचा. तुम्ही दुपारी दोऱ्या बांधता, दुपट्ट्याले हात पुसता, अन् नेमात साबण लावत नाही. तो वास धुतल्याच जात नाही. मंग त्याच दुपट्ट्याचा दोरा काढून रानात मादी बांधता."

ती रीत होती. मादी बांधायचा दोरा विकतचा चालत नाही. कोसेवाल्याने स्वतःच्या अंगावरच्या दुपट्ट्याचा सुटा करून घ्यायचा, म्हणजे रान माणसाला ओळखतं.

"मंग विलासकडं कसे येते नर?" मागून आवाज आला. "तो पण बांधते दोऱ्या."

तनुश्री वळली. "विलासजी, कोणता साबण?"

विलास दुमान्यांचा चेहरा असा झाला, की त्यांनी उत्तर द्यायची गरजच उरली नाही. "उन्हात खाज येते जी..." ते पुटपुटले. बायांच्या भिंतीकडून जे हसू सुरू झालं ते सतरंजीवर पोचायला वेळ लागला नाही.

केवळराम मात्र हसले नाहीत. ते रागावलेही नव्हते. ते विचार करत होते.

"पेटीत नर कुठं आहे, पोरी?" ते म्हणाले. "नराची मिशी आहे. तोडलेली. मिशीले अक्कल नसते. अक्कल नराच्या डोक्यात. माझ्या हाताले वास आहे, कबूल. पण नर त्याच्यानं थांबते हे तुझी मिशी सांगून रायली. जंगलातल्या नरानं नाही सांगितलं. अन् बाईनं बांधलेल्या मादीकडे तो येईन, हे तं तुझी मिशी पण नाही सांगत."

तनुश्रीने पेटी बंद केली. प्रयोगशाळेत कोणी याहून नेमका प्रश्न विचारला नसता.

"मंग नरालेच विचारू," ती म्हणाली. "मायच्या रानात. वीस माद्या तुम्ही बांधा, तुमच्या हातानं, तुमच्या दुपट्ट्याच्या दोऱ्यानं. वीस माय बांधंन, तिच्या लुगड्याच्या दोऱ्यानं. दोन्ही बाजूंत तीनशे पावलांचं अंतर. सकाळी तुम्हीच मोजा."

"बाई रानात जाईन?" दोन-तीन जण एकदम म्हणाले.

"नाही गेली तं कळंन कसं?"

"अन् हरली तं?" केवळरामांनी विचारलं.

भिंतीकडून पुष्पकलाबाईचा आवाज आला. "हरली तं सही करतो मी. आजच करून ठेवतो, कागद तुमच्याजवळ राहू द्या." ती उठून सतरंजीपर्यंत आली, खाली बसली आणि विलासजींच्या पेनाने सही केली. तनुश्रीला हे ठाऊक नव्हतं.

"अन् मी हरलो," केवळराम हळू म्हणाले, "तं ही मिशी उतरवतो."

"मिशी ठेवा, भाऊजी," पुष्पकलाबाई म्हणाली. "मले काय करायची? मी हरली नाही तं मले माझ्या रानात पाय ठेवू द्या. अन् मंग कोणी बाहेर हो म्हणायचं नाही."

*

संध्याकाळी ती कुंपणापाशी आली तेव्हा चार-पाच पुरुष आडवे उभे होते. त्यांनी वाट अडवली असं नाही. वाट दिली नाही एवढंच. पुष्पकलाबाईच्या काखेत जुनं हिरवं लुगडं होतं, निम्म्या काठाचे दोरे सुटे केलेलं. तिने चपला काढल्या.

"या झाडायले तीन उन्हाळे पाणी घातलं मी," ती म्हणाली. "तवा कोणाले वास नाही आला."

ती चालत राहिली आणि वाट आपोआप झाली. आत पहिल्या येनापाशी ती थांबली, हात खोडावर ठेवला, वर पाहिलं. झाड तिच्या चौपट उंच झालं होतं. मग तिने दोरा दातात धरला आणि पहिली मादी उचलली. तिला बांधता येईल की नाही याची तनुश्रीला काळजी होती. पण पुष्पकलाबाईने दहा वर्षं कोशाचा धागा मांडीवर वळला होता. तिची गाठ केवळरामांच्या गाठीहून बारीक पडत होती.

मोहाच्या झाडाकडच्या बाजूला केवळरामांच्या वीस, नाल्याकडच्या बाजूला पुष्पकलेच्या वीस. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरली.

पहाटे केवळराम पुढे आणि सोसायटी मागे, अशी मोजणी झाली. मोहाकडे नर एक. नाल्याकडे सोळा.

कोणीतरी "वा रे!" म्हणालं. देवानंद बापाकडे बघत होता. तनुश्रीला ओरडावंसं वाटत होतं. केवळराम नाल्याच्या काठावर जाऊन उभे राहिले, तोंड वाऱ्याकडे करून.

"ही नाल्याची बाजू," ते म्हणाले. "इथून वारा जंगलात जाते. वास इथूनच लांब पोचते. माझा भाऊ पण म्हणे, नाल्याकडं नर जास्त."

"हे आता बहाणे झाले, केवळरामजी," विलासजी म्हणाले. साबणाच्या दिवसापासून ते थोडे मोकळे झाले होते.

"नाही," तनुश्री म्हणाली, "बहाणा नाही. बरोबर आहे त्यांचं. मी हे आधीच पाहायला पाहिजे होतं." ती केवळरामांकडे वळली. "आज रात्री बाजू बदला. नव्या चाळीस माद्या. तुम्ही नाल्याकडं, माय मोहाकडं. चालंन?"

केवळराम नाल्याच्या काठावरून परत फिरले. "तुझी माय आजच जिंकली असती," ते म्हणाले. "तू कायले थांबवलं?"

"कोणी उद्या म्हणायले नको, वाऱ्यानं जिंकली."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

दुसऱ्या संध्याकाळी पुष्पकलाबाई कुंपणापाशी आली तेव्हा वाटेत कोणी उभं नव्हतं. तिच्यामागे आणखी तीन बाया होत्या. बघायला आलो, म्हणाल्या. केवळरामांनी नाल्याकडे आपला दुपट्टा उसवला, दोरे काढले. हात धुवायची सवलत तनुश्रीने त्यांना देऊ केली होती. त्यांनी नाही म्हटलं. नेम मोडून मोजलेलं त्यांना नको होतं.

सकाळी धुकं होतं. केवळराम प्रत्येक काडीपाशी थांबले. मोकळ्या काडीपाशीसुद्धा थांबले, मादी फिरवून पाहिली, मगच पुढे सरकले. एकेका जोडीवर बोट ठेवून त्यांनी आकडा मोठ्याने म्हटला. वही या वेळी तनुश्रीने धरली नव्हती. ती पुष्पकलाबाईकडे होती. बाबांच्या अक्षराखाली, मोठेबाबांच्या अक्षराखाली, आपल्या लेकीच्या अक्षराखाली ती पहिल्यांदा त्या वहीत लिहीत होती. शेवटच्या काडीपासून केवळराम वळले, पहिल्या काडीपर्यंत गेले आणि सगळं पुन्हा मोजलं. मग त्यांनी सांगितलं आणि तिने लिहिलं.

चौदा सप्टेंबर, सहा वाजून पाच मिनिटं.
नाल्याची बाजू, दुपट्ट्याचे दोरे : वीस माद्या, एक नर.
मोहाची बाजू, लुगड्याचे दोरे : वीस माद्या, सतरा नर.